रोजची पेशी

औरंगपुऱ्यात, बाजाराच्या गल्लीला लागून, काकासाहेबांचं घर होतं. निजाम सरकारच्या पोलिसात ते अमीन होते, म्हणजे एका ठाण्याचे मालकच म्हणा ना! मनकर्णा सून म्हणून घरात आली त्याच वर्षी ते पेन्शनीत निघाले. नोकरी सुटली, पण अमिनी काही सुटली नाही. ठाण्यात चोर-दरोडेखोरांवर जो रुबाब चालायचा, तो आता घरातल्या तीन माणसांवर चालू लागला. ही तीन माणसं म्हणजे बायको भागूबाई, मुलगा बद्रीनाथ आणि सून मनकर्णा.

रोज दिवेलागणीला काकासाहेब ओसरीवर लोडाला टेकून बसत, काठी दोनदा फरशीवर आपटत आणि घरात 'पेशी' सुरू होई. कचेरीत साहेबापुढं आरोपी उभा करतात, ती पेशी. दिवसभरात कोणाचं काय चुकलं ते भागूबाईंनी सांगायचं, काकासाहेबांनी सवाल करायचे आणि ज्याचं चुकलं त्यानं उभ्यानं जबाब द्यायचा. सुनेनं दाराआडून द्यायचा. वरणात मीठ कमी कामून पडलं? घागरीला काळा डाग कामून राहिला? शेवटी फैसला व्हायचा. मोठा गुन्हा असला तर शिक्षा ठरलेली होती: दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी घरात कोणी बोलायचं नाही. तीस वर्षांचा बद्रीनाथ, तालुकदार कचेरीतला अहलकार, लोकांचे अर्ज लिहून घेणारा माणूस, तोही तिथं हात बांधून उभा राहायचा.

गल्लीतले लोक मात्र कौतुकानं म्हणायचे, "घर असावं तर काकासाहेबांसारखं! काय ती शिस्त! काय तो धाक!" वाचकहो, रागावू नका, पण तुम्ही-आम्हीही असंच म्हणतो. शेजारच्या घरातून आवाज आला नाही की ते घर सुखी, असं आपण धरून चालतो.

मनकर्णा सोयगावची. लग्नाच्या वेळी दोन भरल्या घागरी एका दमात उचलायची. आठ वर्षांत ती एका घागरीवर आली आणि तीही ओट्यावर टेकवत टेकवत आणायची. पहाटे छाती धडधडून जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. फणीत केसांचा गुंता निघायचा. अर्धी भाकरी पुढ्यात घेऊन बसायची आणि त्यातलीही निम्मी गाईला घालायची. दुपार कलली की तिच्या तळहातांना घाम सुटायचा, कारण दिवेलागण जवळ आलेली असायची.

फसली सन १३५०, म्हणजे इंग्रजी १९४०, उजाडायच्या आधी, पावसाळ्यात कधीतरी तिची पाळी थांबली. त्या काळच्या घरात ही गोष्ट लपत नसे, कारण बाई चार दिवस बाहेर बसली नाही की सगळ्यांना कळे. भागूबाईंनी ती गोष्टसुद्धा पेशीत मांडली.

"सून दोन महिने झाले, बाहेर बसली नाय," त्या लाजत म्हणाल्या.

काकासाहेबांच्या मिशीत हसू आलं. आठ वर्षांत पेशीत कोणी पहिल्यांदा हसलं असेल. "मंग सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात व्हायचं! काय गं सूनबाई, व्हय का नाय?"

दाराआडून उत्तर आलं नाही. ते सगळ्यांना लाजणं वाटलं. खरी गोष्ट अशी होती की मनकर्णेला शंका होती. मागच्या वर्षीही तिची पाळी दोन महिने थांबून परत आली होती. पण पेशीत 'नाय' हा शब्द ती आठ वर्षांत कधी बोललीच नव्हती. आणि त्या दिवसापासून तिचे गुन्हे वाचणं बंद झालं. सासू भाकरीवर तूप वाढू लागली. मळमळत होतं, पोट फुगल्यासारखं वाटत होतं. होता होता बिचारी स्वतःच आशेला लागली. कोणी तिला दाराआडून बाहेर बोलावून, जवळ बसवून एकदा विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हिवाळ्यात डोहाळजेवण झालं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, गल्लीभरच्या बायका. सोयगावहून तिचा भाऊ सांडू आहेर घेऊन आला होता. पोट काही दिसत नव्हतं, पण भागूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "पहिलटकरणीचं उशिरा दिसतं." ओटी भरून झाली, मनकर्णा पाया पडायला उठली आणि पाटावरच कोसळली.

शेजारच्या गल्लीत डॉक्टरीण जोहराबेगम राहायच्या. हैदराबादेत शिकून आलेल्या, सरकारी जनाना दवाखान्यात नेमलेल्या. त्यांना बोलावलं. त्यांनी दार लावून मनकर्णेला तपासलं आणि बाहेर येऊन भागूबाईंना हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं, "मूल नाही. होतं असंही नाही." मग एका कागदावर चार ओळी उर्दूत लिहिल्या, खाली पिशवीतून काढून दवाखान्याचा शिक्का मारला आणि उद्या पेशंटला नवऱ्यासह घेऊन या म्हणून बजावलं.

बायका एकमेकींकडं बघत निघून गेल्या. भागूबाईंनी डोक्याला हात लावला.

त्या संध्याकाळी पेशी झाली. मनकर्णेला अंथरुणातून उठवून दाराआड उभं केलं होतं!

"गल्लीत माझं तोंड काळं केलं," काकासाहेब गरजले. "आठ वर्षांत लेकरू नाय, अन् वर ही फसवणूक! ठाण्यात आसं करणाऱ्याला मी सोडला नसता. बद्री, तुझं दुसरं लगीन लावायचं. माझ्या नजरेत मुलगी हाय. तुझी मंजुरी हाय का?"

बद्रीनाथ खाली बघत होता. त्याच्या पोटात आग पडली होती. त्याला ठाऊक होतं की आपली बायको कोणाला फसवणारी नाही. तरी तो म्हणाला, "जशी तुमची मर्जी, काका."

वडिलांना काका म्हणणारा हा मुलगा दुसऱ्या दिवशी बायकोला दवाखान्यात घेऊन गेला तोही वडिलांच्या परवानगीनंच. काकासाहेब कोणाला भीत नसत, पण सरकारी शिक्क्याला भीत! सांडूही बहिणीसोबत गेला आणि बाहेर झाडाखाली बसून राहिला.

जोहराबेगमनी दोघांना समोर बसवलं. "बद्रीनाथराव, तुमच्या बायकोनं कोणाला फसवलेलं नाही. मला सांगा, पायाशी साप निघाला तर काय होतं तुमचं?"

"छाती धडधडती. पळतो मी."

"बरोबर. माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी गाठ, म्हणजे ग्रंथी, असते. भीती वाटली की त्या गाठी रक्तात रस सोडतात. मग काळीज जोरात उडतं, रक्तात साखर चढते, पोट पचवायचं काम थांबवतं, सगळी ताकद हातापायात येते. साप गेला की घटकाभरात सगळं ठिकाणावर. ही तर खुदाची मेहेरबानी आहे, तिच्यामुळं माणूस वाचतो. पण साप रोज दिवेलागणीला निघत असेल तर? आठ वर्षं निघत असेल तर?"

बद्रीनाथनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तर त्या गाठींना उसंत मिळत नाही. अंग चोवीस तास लढाईच्या तयारीत. झोप जाते, भूक जाते, केस जातात, हातपाय गळतात. डोक्यात आणि ओटीपोटात दुसऱ्या गाठी असतात, पाळी त्यांच्या रसावर चालते. त्या काम बंद करतात. शरीर म्हणतं, इथं माझाच जीव वाचायची मारामार, लेकरू कुठं वाढवू?"

"पण डॉक्टरीणबाई, काका शिस्तीचे हायेत इतकंच. त्यांनी हिला कधी बोटसुद्धा लावलं नाय."

"लावलं असतं तर बरं झालं असतं!" जोहराबेगम ताडकन म्हणाल्या. "वळ दिसला असता. मला त्यावर दवा लावता आली असती. आता हा खौफ तिच्या रक्तात उतरलाय, तिथं मी काय लावू? आणि तुमचं पोट कसं आहे?"

तो दचकला. "जळतं. दोन वर्षं झाली. कचेरीत साहेब ओरडतात, त्यानं आसंल."

"कचेरी चारला सुटते. जळजळ कधी सुरू होते?"

बद्रीनाथनं मनातल्या मनात वेळ जुळवून पाहिली. मग पुटपुटला, "दिवेलागणीला."

"बेटी," त्या मनकर्णेकडं वळल्या, "तुला पोटभर भूक शेवटची कधी लागली होती?"

मनकर्णेनं नवऱ्याकडं पाहिलं.

"तिकडं नको बघू. भूक तुझी आहे, सांगायला त्यांची परवानगी लागत नाही."

"सोयगावला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की दोघांना पुढं वाकावं लागलं. "लग्नाच्या आदी. शेतात सांडूनं हुरडा भाजला होता. लई खाल्ला मी तवा. अजून दे, अजून दे म्हणत होते." आणि ती एकदम रडायला लागली.

आठ वर्षं! ज्या बाईच्या हातची भाकरी आपण रोज खाल्ली, तिला आठ वर्षं भूक लागली नाही आणि आपल्याला पत्ता नाही! बद्रीनाथला स्वतःची किळस आली. त्यानं विचारलं, "दवा काय द्याल?"

"बाटलीत भरून देता येईल अशी दवा माझ्याकडं नाही. तिला माहेरी पाठवा. पाच-सहा महिने दूध, भाकरी, झोप. आणि कोणी जाब विचारायचा नाही. अंग माफ करतं, बद्रीनाथराव, पण वेळ घेतं."

तो बाहेर आला आणि सांडूला म्हणाला, "हिला हितूनच घेऊन जा. घरी नेऊ नको." वडिलांना न विचारता घेतलेला हा त्याच्या आयुष्यातला पहिला निर्णय.

संध्याकाळी काठी आपटली. काकासाहेबांनी विचारलं, "सून कुठं हाय?"

"सोयगावला गेली. मी पाठवली."

"कोणाच्या हुकमानं?"

"माझ्या!" बद्रीनाथनं बांधलेले हात सोडले. "काका, दुसरं लगीन मी करणार नाय. अन् आजपासून ही पेशी बंद! तुमच्या धाकानं माझी बायको सुकली, माझं पोट सडलं. आई, तू तरी बोल!"

भागूबाई उभ्या होत्या. त्या सावकाश खाली बसल्या, काकासाहेबांच्या देखत, ओसरीच्या पायरीवर. "माझे पाय रोज भरून येत्यात," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, मी उभीच हाय. मला कोणी इचारलंच नाय."

काकासाहेबांनी काठी पुन्हा आपटली. कोणी उठलं नाही. "घर बुडवलं तुमी," इतकंच म्हणून ते न जेवता आत गेले. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसले, पण कोणाला बोलावलं नाही. त्यांना आपलं चुकलं असं वाटलं की नाही, ते अखेरपर्यंत कळलं नाही.

सोयगावहून सांडूची पत्रं येत होती. ताई जेवते. ताई पहाटेपर्यंत झोपते. चौथ्या पत्रात त्यानं संकोचत लिहिलं होतं की आई म्हणते, ताईची पाळी सुरळीत झाली. बद्रीनाथनं ते पत्र घेऊन गुलमंडीची बाजारपेठ गाठली, बायकोसाठी लुगडं घेतलं, रजा टाकली आणि अजिंठ्यापर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं भर उन्हाळ्यात सोयगावला पोचला.

अंगणात कुरडयांचं काम चाललं होतं. चार बायकांत मनकर्णा बसली होती, वाटीत गरम चीक घेऊन फुंकर घालत खात होती आणि कशावर तरी हसत होती. गाल भरले होते. बद्रीनाथनं तिला इतकं मोठ्यानं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला पाहून तिनं पदर सावरला, पण वाटी खाली ठेवली नाही.

घरात गेल्यावर तो म्हणाला, "पेशी बंद झाली. काका आता कोणाला काही इचारत नायत. दुसऱ्या लग्नाचंही मी मोडून काढलं. चल घरी."

"बरं केलं तुमी. पण मी नाय येणार."

"आता कामून? आता कोणाची भीती हाय तुला?"

"मामंजींची नाय. तुमची."

"माझी? मी तुला कधी एक वाकडा शब्द बोललो नाय!"

"सरळबी नाय बोललात," मनकर्णा म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "आठ वर्षं मी दाराआडून तुमच्या पाठीकडं बघत होते. वाटायचं, आज वळतील, आज म्हणतील, काका, पुरं करा. दुसऱ्या बायकोचं इचारलं तवा तुमी बोललात. 'जशी तुमची मर्जी.' त्या दिवशी आतून कायतरी सुटलं, ते पुन्हा बसत नाय. हितं मला भूक लागती, झोप लागती. ते सोडून मी कामून येऊ?"

बद्रीनाथनं दारात उभ्या मेहुण्याकडं पाहिलं. सांडू म्हणाला, "भावजी, जेवून जा. तुमचा मान हाय या घरात. पण ताईवर जोर नाय करायचा." बद्रीनाथ जेवला नाही. लुगडं तिथंच ठेवून तो तसाच परतला. पुन्हा लग्न त्यानं केलं नाही, आणि मनकर्णाही परत आली नाही.

बंधूंनो, भगिनींनो, धाक म्हणजे शिस्त नव्हे. रोजची भीती माणसाच्या रक्तात उतरते, त्याची झोप, भूक, ताकद आणि कूसही खाऊन टाकते, आणि बाहेरून वळ दिसत नाही म्हणून आपण त्याच माणसाला नावं ठेवतो. पण दोष काय फक्त काठी आपटणाऱ्याचा आहे? शेजारी हात बांधून उभा राहणारा तितकाच दोषी आहे! बद्रीनाथ शहाणा झाला, पण आठ वर्षं उशिरा, आणि त्या शहाणपणाचा उपयोग त्याच्या बायकोला झाला, त्याच्या संसाराला नाही. तुमच्या घरात कोणी गप्प राहून सुकत असेल, तर वैद्याला जरूर बोलवा. पण त्याआधी तुम्ही तोंड उघडा, आणि आज संध्याकाळीच उघडा.