लोखंडाच्या शिरा

आटपाडीच्या बाजारात त्या दिवशी मेंढरं विकायला आलेली माणसं मेंढरं सोडून लोहनाथबाबाच्या भट्टीभोवती लोटली होती. लढाई संपत नव्हती. पोरं पलटणीबरोबर कुठं इटलीत, कुठं ब्रह्मदेशात गेलेली आणि महिनोन्‌महिने खुशाली नाही. अशा मुलखात बाबाचं फावलं नसतं तरच नवल!

“पोराच्या हातचं लोखंड आणा!” बाबा भात्याच्या तालावर ओरडत होता. “घाम प्यालेलं लोखंड खोटं बोलत न्हाई. जित्याच्या लोखंडाला शिरा, मेल्याचं लोखंड कोरं!”

शालूबाईनं लेकाचं जुनं खुरपं पुढं केलं. बाबानं ते तापवलं, ठोकून सपाट केलं, कानशीनं घासून लखलखीत केलं आणि काळ्या बाटलीतलं नागतीर्थ वर ओतलं. लोखंड फसफसलं.

“बघा, दम घेतंया!”

मग भगव्या फडक्याखाली झाकून बराच वेळ मंत्र पुटपुटला. फडकं उचललं तर खुरप्यावर करड्या शिरा उमटलेल्या, राबत्या मनगटावर दिसतात तशा. शालूबाई रडली, हसली आणि कोकरू बाबाच्या पायाशी बांधून गेली.

अंजना गर्दीच्या कडेला उभी होती. तिचे हात ओकेबोके होते. मागच्या जत्रेत याच बाबानं तिच्या नवऱ्याची, भाऊसोची कुऱ्हाड कोरी काढली आणि सासूनं, हरणाबाईनं तिथल्याच दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या. सरकारी तार नाही, काही नाही. कुऱ्हाडीनं सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. आज तिचा बाप आकाराम वडूजहून गाडी जुंपून आला होता. एका बिजवराशी तिचा पाट लावायचं त्यानं ठरवून टाकलं होतं.

कुऱ्हाड तिनंच निवडून दिली होती, हे तिला जास्त जाळत होतं. पलटणीत जायच्या आधी भाऊसोनं रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यातून ती हौसेनं घडवून घेतली होती.

पण रडून झाल्यावर अंजना नीट बघायला लागली होती. आजा-पणज्याच्या वेळचं खुरपं, पहार, काहीही आणा, शिरा ठरलेल्या. नव्या लोखंडाला मात्र मरण. सकाळीच तिनं शाळेच्या नानासो गुरुजींना गाठलं होतं.

“गुरुजी, यम काय लोखंड नवं-जुनं बघून येतोय व्हय?”

गुरुजींनी तडक घरी जाऊन माळ्यावरची कुळवाची गंजकी पास, म्हणजे लोखंडी पातं, काढली.

आता ती पास बाबाच्या ऐरणीवर होती. ठोकणं झालं, घासणं झालं, तीर्थ झालं. फडकं उचललं आणि बाबा गरजला, “जित्ता हाय! सात समुद्रापल्याड, पर ठणठणीत!”

“आमचे आजोबा ते,” गुरुजी म्हणाले. “प्लेगात गेले.”

गर्दीत खसखस पिकली. बाबा काही बोलायच्या आत अंजनानं त्याचा स्वतःचा नवाकोरा चिमटा उचलला आणि बाटली त्यावर उपडी केली. बराच वेळ सगळे टक लावून बसले. चिमटा काळवंडला, पण शीर म्हणून एक उमटली नाही.

“बाबाच मेल्याला हाय की रं गड्या!” कुणीतरी ओरडलं.

गुरुजींनी उकल सांगितली. बाटलीत तेजाब आहे. जुनं लोखंड गावच्या भट्टीत कोळशावर निघायचं, त्यात मळी, म्हणजे वितळलेल्या दगडमातीचा मळ, राहायची. घणाखाली लोखंड लांबलं की मळीचेही धागे व्हायचे. तेजाब लोखंड खातं, धागे उरतात, त्याच या शिरा. कारखान्यात वितळून निघालेल्या रुळात मळी राहत नाही, म्हणून तो कोरा. “घामाचा संबंध नाही आणि माणसाचाही नाही.”

हरणाबाई पुढं आली. “मग माजा भाऊसो हाय का न्हाई?”

“ते मला ठाऊक नाही, हरणाबाई.”

“बाबाला ठावं हुतं,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली.

अंजनाला त्या क्षणी बाबापेक्षा सासूचा जास्त राग आला. खोटं मरण चालतं बाईला, पण “ठाऊक नाही” एवढं खरं सोसवत नाही!

“चल पोरी,” आकाराम म्हणाला. “गाडी जुपली हाय.”

“आबा, त्यो मेला ह्ये कुणालाच ठावं न्हाई. तवर मी रांड न्हाई.” ती कासाराच्या दुकानाकडं गेली आणि दोन्ही हात पुढं केले. कासार आधी कचरला, मग त्यानं हिरवा चुडा भरला. आकारामची गाडी रिकामी गेली.

गोष्ट इथं गोड झाली असती. पण पुढच्याच महिन्यात शालूबाईच्या लेकाची तार आली. इटलीत पडला. शिरा उमटलेलं ते खुरपं देव्हाऱ्यात हळदीकुंकवाखाली होतं. “मास्तरानं तीर्थ बाटवलं, म्हून पोरगं गेलं,” असं गावानं ठरवलं. गुरुजींच्या कौलांवर धोंडे पडले, आणि बाबा तिकडं दुसऱ्या गावात भाता फुंकत बसला. अंजना रोज हिरव्या हातांनी पाणी भरते, बाया तिला वाट देत नाहीत. भाऊसोची खबर अजून नाही.

तुमच्या गावात असा कुणी बाबा आला, तर फार शहाणपण लागत नाही. मेलेल्या माणसाचं जुनं लोखंड आधी बाबाच्या पुढ्यात ठेवा. फक्त हे बांगड्या फोडायच्या आधी करा.