हिरवं स्वयंपाकघर

सरावलीच्या रीळबाबाच्या ओट्यावर चपलांचा खच पडला होता. आत बाबा खिडकीकडे तोंड करून बसायचा, चौकटीत बसवलेली इवलीशी पारदर्शक फिल्म उजेडापुढं धरायचा आणि लोकांच्या घरात काय दडलंय ते सांगायचा.

"मोबाईल रंग सुधारतो. रीळ सुधारत नाही. जे आहे ते दाखवतं!" बाबा गरजला. त्या दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं खरं वाक्य हेच.

तारापूरच्या रंभाबाईच्या घराचे फोटो त्याच्या चेल्यानं काढून नेले होते. देवघर सोनेरी आलं होतं. स्वयंपाकघर मात्र शेवाळासारखं हिरवं, आणि कडेला उभी असलेली सून प्रतीक्षा आडवी ताणलेली, गाल पसरलेले. बाबानं निकाल दिला, "बाधा सुनेच्या अंगात आहे. नारळी पौर्णिमेला होडी समुद्रात जायच्या आत हिला माहेरी पाठवा. नाहीतर होडीचं मी सांगू शकत नाही."

होडीवर मुलगा सुजीत जायचा. रंभाबाईचा नवरा समुद्रावरून परतलाच नव्हता. तिनं सुनेला बॅग भरायला सांगितली.

नेमकी त्याच दिवशी हेमांगी तिच्याकडे आली. पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टी लागली की किनाऱ्यावरची जुनी घरं आतून टिपत हिंडायची. फिरतीवर ओझं नको म्हणून पिशवीत एक कॅमेरा, दोन लेन्स, तिपाई आणि तसल्याच पारदर्शक फिल्मचे मोजून चार रोल. प्रतीक्षा रडत रडत सगळं बोलली आणि बाबानं दिलेला फोटो तिनं पुढं केला. हेमांगीनं तो उजेडात धरला आणि तिला चक्क स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच सहलीत तिचा अख्खा रोल असाच हिरवा आला होता. तेव्हा तिला बाधा झाली नव्हती, अक्कल कमी पडली होती.

"मावशी, तुमच्या स्वयंपाकघरात जुनी चोकवाली ट्यूब आहे आणि देवघरात पिवळा बल्ब. दोघांची जागा बदलू. बाहेरचा उजेड नको म्हणून मी दारं लावून फोटो काढते, तुम्ही ते बाबाला दाखवा. घर कुणाचं ते सांगायचं नाही."

"बदल की," रंभाबाई फणकारली. "बाबाच्या नजरेला बत्तीनं काय फरक पडतोय? पण मी सांगते, सून जानार हाय ती जानारच."

सुजीतनं मुकाट्यानं ट्यूब देवघरात लावली आणि बल्ब चुलीपाशी. हेमांगीनं प्रतीक्षाला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं आणि रंभाबाईला देवघराच्या अगदी कडेला. रोल धुवायला मुंबईला गेला. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी रंभाबाईनं दोन्ही फोटो स्वतःच्या हातानं बाबापुढं ठेवले. हेमांगी मागं लोकांत बसली होती.

बाबानं पहिला धरला. "वा! सोनेरी तेज! ही चूल लक्ष्मीची आहे. मधे उभी आहे ती साक्षात गृहलक्ष्मी!"

दुसरा धरला आणि कपाळावर हात मारला. "अरारारा! सगळं हिरवं! या घरातून देव निघून गेला. आणि ही कडेची बाई बघा, तोंड कसं ताणलंय. हिलाच बाहेर काढा!"

नखाएवढा चेहरा. समोर बसलेली बाई त्याला त्यात कुठून ओळखू येणार?

"बाबा," रंभाबाई म्हणाली, "ती मीच हाय. आनि दोन्ही फोटो माज्याच घरातले."

ओट्यावर कुणीतरी खाकरलं. बाबा मुळीच गडबडला नाही. "मावशी, बाधा सरकली! सुनेकडून तुमच्याकडे आली!"

"बाधा नाय सरकली. आमी ट्यूब सरकवली."

आता हेमांगी उभी राहिली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. बल्बखाली ती पिवळी पडते, असल्या ट्यूबखाली हिरवी. मोबाईल आपला आपण रंग दुरुस्त करतो, म्हणून त्यात दिसत नाही. आणि छोट्या खोलीत मागं सरकायला जागा नसते, तेव्हा मोठा आवाका घेणारी लेन्स लावावी लागते. तिच्यात कडेचं माणूस ताणलं जातं. मग ते सून असो, सासू असो, नाहीतर बाबा. बसा बाबा कडेला, तुमचाही काढते."

बाबाला अचानक पूजेची वेळ आठवली.

रंभाबाई घरी आली. दाराशी भरलेली बॅग होती. तिनं स्वतःच ती उघडली, एकेक साडी काढून घडी मोडू न देता कपाटात ठेवली. मग मटकन खाली बसली.

"पोरी, माजा पोरगा बुडंल ह्या भ्यानं मी तुला बुडवत होते," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. प्रतीक्षा तिच्याजवळ बसली, पण हातभर अंतर ठेवून. तिलाही रागवायचा हक्क होता.

पौर्णिमेला रंभाबाईनं प्रतीक्षाच्या हातून समुद्राला नारळ वाहिला. कोळीवाड्यातल्या बायांनी सून कशी राहिली ते विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुनी सांगितलं तुमच्या घरात काय दिसतंय, तर आदी वर बगा, बत्ती कुठली हाय. आनि मानसाला घराबाहेर काडायच्या आदी एकदा बत्ती बदलून बगा."