दोन्ही पारडी

जो दुकानदार तुम्हाला पाहताच स्टूल पुसून पुढे करतो, त्याचा काटा आधी तपासायचा. माझ्या उभ्या नोकरीचं सार विचाराल तर एवढंच. मी वजनमापांचा तपासनीस होतो. बाजारात शिरलो की गल्लीभर "या साहेब, बसा साहेब, काय घेणार?" सुरू व्हायचं. प्रामाणिक माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "बघा काय बघायचं ते, गिऱ्हाईक खोळंबलंय." त्याच्याकडे कधी काही सापडलं नाही. गोडबोल्याच्या पारड्याखाली मात्र हात घालावा आणि बोटांना काहीतरी चिकट लागावं.

आता अशा माणसाच्या घरात सगळे एकाएकी गोड वागायला लागले, तर त्यानं काय समजायचं?

सुरुवात चष्म्यापासून झाली. एका सकाळी चष्मा लावला आणि भिंतीवरचा तडासुद्धा स्वच्छ दिसला. मला वाटलं, चमत्कार झाला, मोतीबिंदू आपोआप उतरला. मग कळलं, कोणीतरी काचा पुसून ठेवल्या होत्या. माझ्या घरात स्वतःच्या नाकाखालचं कोणी पुसत नाही, तिथे माझ्या नाकावरच्या काचा!

दुसऱ्या दिवशी नात आली. तिला आम्ही मिरची म्हणतो आणि ते नाव वाया गेलेलं नाही. "आजोबा, तुमची नखं कापू?" म्हणाली. ही मुलगी स्वतःचं ताट उचलायचं तर मानधन मागेल. मी हात मागे घेतला.

"का?"

"का म्हणजे? वाढलीत."

"काल पण वाढलेलीच होती."

"काल मी कापत नव्हते," ती म्हणाली आणि माझा हात ओढून कामाला लागली. नखं कापून झाल्यावर धाकटा नातू ढब्बू कंगवा घेऊन माझ्या मागे स्टुलावर चढला. होते तेवढे केस त्यानं विंचरले आणि उरलेला वेळ टक्कल पुसण्यात घालवला.

मग मुलगा पत्ते घेऊन बसला. माझा मुलगा जन्माचा रडीचा. लहानपणी हरला की डाव उधळायचा, मोठेपणी हरला की पत्ते मोजायला घेतो. तो त्या दिवशी हसत हसत हरला. हातात राणी असताना दुर्री टाकली. मी त्याचे पत्ते उलटून पाहिले आणि पुन्हा ठेवून दिले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे मुरतंय हे आठवड्याभरात दिसलं. फिरून आलो तर चिरंजीव माझ्या खोलीत, हातात मोजपट्टी.

"काय मोजतोयस?"

"काही नाही बाबा, सहज."

"सहज कोणी भिंत मोजत नाही."

"पडदे करायचेत."

माझ्या खोलीला खिडकी एकच आणि ती पूर्वेला. हा पश्चिमेची भिंत मोजत होता. खोटं बोलायचं तर निदान खिडकीकडे तोंड करून बोलावं.

ही खोली म्हणजे काही राजवाडा नाही. एक खाट, एक कपाट, पाय हलणारं टेबल आणि फळीवर माझा पितळी तराजू. बायको गेल्यापासून माझं राज्य तेवढंच. नातवंडांना वाटणी करायची असली की दोघं चॉकलेट घेऊन तिथे येतात. तुकडे पारड्यांत ठेवतात आणि काटा मध्ये उभा राहीपर्यंत श्वास धरून बसतात. त्यांना मी एकच गोष्ट शिकवली आहे: एका पारड्यात टाकलंत तर दुसऱ्यातही टाका, आणि दोन्ही सारखी झाल्याशिवाय हात काढू नका. बाकीचं शिक्षण शाळा बघेल.

ही खोली माझ्या हातून जाणार, असं मला वाटायला लागलं. उगाच नाही. शेजारचे पोस्टमास्तर असेच गेले. आधी त्यांच्या सुनेनं त्यांना लोकरीची टोपी विणून दिली. मास्तर गल्लीभर ती घालून मिरवले. पुढच्याच महिन्यात दारात गाडी आली आणि मास्तर टोपीसकट वृद्धाश्रमात. आता त्यांच्या खोलीत नातवाची सायकल राहते.

आणि त्या शुक्रवारी माझी सून कामावरून आली, पिशवीतून काहीतरी काढलं आणि लाजत म्हणाली, "बाबा, बघा बरं, डोक्याला बसते का?"

राखाडी लोकरीची टोपी.

मी ती घातली. बसली. सून खूश झाली. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

नोकरीत असताना अशा वेळी आम्ही अचानक तपासणी करायचो. दुकानदाराला सांगायचं, आज आम्ही पलीकडच्या बाजारात आहोत. आणि मागच्या दारानं शिरायचं. शनिवारी सकाळी मी काठी घेतली, "फिरायला चाललो" असं मोठ्यानं सांगितलं, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वळून मोरीच्या दारानं आत आलो. स्वयंपाकघरात सगळे जमलेले. मी दाराआड उभा राहिलो.

"खिडकीजवळची खाट आहे, तेवढं तरी बरं," सून म्हणत होती. "तिथली माणसंही चांगली आहेत."

"ते सगळं खरं," मुलगा म्हणाला. "पण आधी बाबांना सांगायला हवं."

"मग सांगा."

"मी? सोलून काढतील मला."

"अजून एकदा नखं कापते, मग सांगा," मिरची म्हणाली. "नखं कापताना ते उठून जाऊ शकत नाहीत."

मी आल्या वाटेनं परत गेलो. बागेतल्या बाकावर बसलो आणि खरं सांगतो, रडलो. चोरांना पकडून मला कधी रडू आलं नव्हतं. पण हे चोर माझ्या मांडीवर वाढलेले होते, आणि चोरीला जाणारा माल मीच होतो.

रविवारी ते चौघं निघाले. "मुलांना जरा बागेत नेतो," मुलगा म्हणाला. बरोबर थर्मास, डबा आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी. बागेत कोण धुतलेले कपडे नेतं? मी मान डोलावली, त्यांना कोपरा ओलांडू दिला आणि मागे निघालो. गुडघे कुरकुरत होते, पण जन्मभराची सवय; अंतर राखून चालणं मला जमतं. बाजार मागे पडला, सून जिथे औषधं द्यायच्या खिडकीवर बसते ते इस्पितळ मागे पडलं, आणि त्याच्या पाठीमागच्या पिवळ्या इमारतीत चौघं शिरले. पाटीवर लिहिलं होतं, वृद्ध व आजारी व्यक्तींसाठी निवास.

म्हणजे खाट पाहायला आले होते. बरोबर मुलंही. घर बघायला जावं तसे.

आत टेबलाशी बसलेली बाई मला पाहून उठली, खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा ना काका. दमलात." मला एवढंच हवं होतं.

"बसायला नाही आलो," मी म्हणालो. "अजून माझं नाव घातलेलं नाही ना?"

ती गोंधळली. मी काठी आपटत आत गेलो. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेलचा वास. शेवटच्या खिडकीजवळच्या खाटेभोवती माझी माणसं. मी आणखी जवळ गेलो.

खाट रिकामी नव्हती. तिच्यावर एक वाळका म्हातारा बसला होता. डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी. मिरची त्याची नखं कापत होती. ढब्बूनं त्याची टोपी जरा वर सारली आणि कानावरचे केस विंचरायला घेतले. सून त्याचा चष्मा पदरानं पुसत होती. मुलगा पायथ्याशी पत्ते धरून बसला होता आणि हातात राणी असताना दुर्री टाकत होता.

म्हाताऱ्यानं मान वर केली. नाक माझंच होतं. माझ्या धाकट्या भावाचं.

आता हे सांगायला हवं. भावाचं खिळ्या-मोळ्यांचं दुकान होतं. माझ्याच बाजारात, माझ्याच हद्दीत. एका तपासणीत त्याच्या तराजूच्या मालाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा सापडला. म्हणजे गिऱ्हाइकाला खिळ्यांबरोबर मेणही तोललं जात होतं. मी तराजू जप्त केला, दुकानाला सील ठोकलं. तो म्हणाला, मला ठाऊक नाही कोणी चिकटवलं. प्रत्येक जण तेच म्हणतो. त्यानं गाव सोडलं आणि आमचं बोलणं तुटलं. मी जे केलं ते आज पुन्हा करीन. पण टोपीखाली त्याचे कान केवढे मोठे दिसत होते.

"बाबा!" मुलगा ताडकन उठला. पत्ते खाली सांडले.

"कधीपासून?" मी विचारलं.

सून पुढे झाली. ती मला घाबरत नाही, हा तिचा गुण. "इस्पितळात चाकांच्या खुर्चीवरून औषध न्यायला आले होते. तुमचंच नाक खिडकीतून आत आलं, बाबा. नाव विचारलं तर आडनावही आपलंच. मूलबाळ नाही, कोणी नाही. पाय गेल्यावर गावात परतले, तेव्हापासून इथे आहेत."

"आणि म्हणून मला टोप्या घालताय? माझं मन वळवायला नखं कापताय?"

"नाही!" मिरची किंचाळली. दोन खाटा सोडून झोपलेले एक आजोबा जागे झाले. "मन वळवायला नाही. आम्ही इकडे यांची नखं कापली, मग तुमची नको का कापायला? इकडे चष्मा पुसला तर तिकडे पण पुसायचा. तुम्हीच सांगितलंय ना, एकात टाकलं तर दुसऱ्यात पण टाकायचं!"

"आईनं एकच टोपी विणली होती," ढब्बू म्हणाला. "मी म्हटलं, मग आजोबांकडचं पारडं वर जाईल."

इतके दिवस ज्यात मी पाप शोधत होतो, ते माझंच माप होतं.

"आणि मोजपट्टी?" मी मुलाला विचारलं. काहीतरी लबाडी सापडायलाच हवी होती.

"ती लबाडी माझी," तो मान खाली घालून म्हणाला. "इथे महिनाअखेरपर्यंतच ठेवतील. मग लांबच्या मोठ्या संस्थेत पाठवणार, आम्हाला रविवारी जाताही येणार नाही. तुमच्या खोलीत दुसरी खाट मावेल का, पाहत होतो. पण तुम्ही नाही म्हणालात, तर नाही."

सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊ सोडून. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तपासायला आलास, दादा?"

"हो."

"मेण मी लावलं नव्हतं."

"तुझ्या पारड्याखाली होतं."

"होतं. पण मी लावलं नव्हतं."

"दुकान तुझं, तराजू तुझा, जबाबदारी तुझी," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"बदलला नाहीस," तो म्हणाला. "बस. उभा राहून भांडू नको, गुडघे दुखतील." आणि त्यानं हातानं खाटेची कड झटकली आणि मला जागा करून दिली.

मला जागा पुसून देणाऱ्यांचं काय करायचं असतं, ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. मी बसलो आणि त्याच्या हातांकडे पाहत राहिलो.

सुनेनं थर्मास उघडला. चहा एकाच माणसापुरता आणला होता. मी येईन हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भावानं तिच्या हातून थर्मास घेतला, दोन सारखे कप शेजारी ठेवले आणि स्वतः ओतायला लागला. ओतून झाल्यावर त्यानं एक कप माझ्यापुढे सरकवला.

मी दोन्ही कपांकडे पाहिलं. डोळ्याला खोड आहे, त्याला मी काय करू? माझ्यात काठोकाठ होता. त्याच्यात जेमतेम निम्मा.

"तुझं माप अजूनही खोटं आहे," मी म्हणालो.

तो कसनुसा हसला. "मग कर जप्त."

मी माझ्या कपातला चहा त्याच्या कपात ओतला. थोडा, मग अजून थोडा. ढब्बू आणि मिरची वाकून, श्वास धरून पाहत होते. दोन्हीकडे सारखा झाला तेव्हाच मी हात काढला.

मग मुलाकडे वळलो. "पश्चिमेच्या भिंतीला माझी खाट लाव. खिडकीकडची जागा याला दे."

"बाबा..."

"आणि रोज पत्त्यात दोघांशी हरायची तयारी ठेव," मी म्हणालो आणि चहा प्यायला लागलो. तो गार झाला होता.