एकर ते योक

दादांच्या खोलीतली खिडकी कधी उघडायची नाही, कारण टेबलावर सुटी कार्डं असतात. एका कार्डावर एक शब्द. इंग्रजीतले जुने, घरातले आणि शेतातले शब्द. ते कुठून आले आणि आधी त्यांचा अर्थ काय होता, याचं पुस्तक दादा करत होते. त्यांची नजर जाऊ लागली तेव्हा त्यांनी मला, केस पिकलेल्या बहिणीला, बसवून अक्षरं शिकवली. आधी आपली, मग इंग्रजी. मला केवढा आनंद झाला होता! आता वाचायचं मी, लिहायचं मी, आणि स्वयंपाक होताच.

'विंडो' आला तेव्हा दादा म्हणाले, "वाऱ्याचा डोळा. लिही." मी बंद खिडकीकडे बघत लिहिलं. 'स्पिन्स्टर' म्हणजे आधी नुसती सूत कातणारी बाई, आणि पुढे लग्नाविना राहिलेली.

"असं कसं झालं हो?" मी विचारलं.

"घरात कातत बसली, तर बघायला कोण येणार?" दादा हसले. मला काही हसू आलं नाही.

धाकट्या बहिणीनं तिच्या घरी माझ्यासाठी खोली मोकळी करून ठेवली होती. पुस्तक संपलं की मी जायचं, असं तिघांत ठरलं होतं. दादांसाठी स्वयंपाकाची बाईही बघून झाली होती. झेडमध्ये जुने शब्द नाहीत म्हणे. म्हणजे वाय संपलं की सुटले. त्या दिवशी धाकटी मला न्यायला आली तेव्हा आम्ही वायमध्येच होतो. माझी पिशवी दाराशी भरलेली होती.

"योक," दादा म्हणाले. "बैलांच्या मानेवरचं जू. आपलं जू आणि त्यांचं योक एकाच मुळातून आलेत. हजारो वर्षांपूर्वीचं घर एक."

"दादा, तुम्ही ताईच्या मानेवरचं काढा आधी," धाकटी म्हणाली. "गाडी खाली उभी आहे."

"तुझी जीभ लहानपणी कापायला हवी होती. हं, शेवटचा. योल्क, अंड्यातला बलक. पिवळा म्हणून ते नाव. झालं!"

शेवटचं कार्ड मी खोक्यात ठेवलं. मी चपलेत पाय घातला, तेवढ्यात दादा म्हणाले, "जाता जाता पहिल्या खोक्यातलं एक कार्ड वाचून दाखव. सुरुवात कानावर पडू दे."

पहिली दोन खोकी त्यांची स्वतःची होती. डोळे जात चालले होते तेव्हा त्यांनी ती कार्डं पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, जुनी मला रद्दीत घालायला दिली आणि नव्यांना कुणाला हात लावू दिला नाही. मी झाकण काढलं. पहिल्या कार्डावर 'एकर' एवढंच निळं होतं. पुढे काही नाही. दुसरं कार्ड कोरं. तिसरं कोरं. मी मधून काढलं, तळातून काढलं, दुसरं खोकं उघडलं. सगळी कोरी.

धाकटीनं माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती कानाशी येऊन म्हणाली, "काहीतरी वाच आणि चल. छापणारे बघून घेतील."

"काय झालं गं?" दादांनी विचारलं.

काहीतरी वाचता आलं असतं. एकर काय, मलाही ठाऊक आहे. मी दाराकडे पाहिलं.

"दादा, रिफिल संपली होती."

"कधी?"

"तुम्ही लिहीत होतात तेव्हा."

त्यांनी हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. "आहे की! हाताला लागतंय."

"हाताला लागतंय. दिसत नाही."

ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग कार्ड पालथं टेबलावर ठेवलं. "जा तू," म्हणाले. "ती खोळंबली आहे."

"बघ, ते जा म्हणतायत," धाकटी म्हणाली. तिनं माझी पिशवी उचलली होती. "ताई, आता नाही आलीस तर कधीच यायची नाहीस. मी ओळखते तुला."

मीही ओळखत होते. दादांची बोटं टेबलावर चाचपडत होती, कार्डाची कड शोधत. मी कार्ड सरकवून त्यांच्या बोटांखाली दिलं, आणि तिथंच अडकले. चपला काढल्या. धाकटी पिशवी खाली ठेवून जिन्यानं उतरली. गाडी सुरू झाल्याचं बंद खिडकीतूनही ऐकू आलं.

"गेलीस?" दादांनी विचारलं.

"इथेच आहे. एकर म्हणजे काय?"

"आधी नुसतं रान," ते हळू म्हणाले. "मग... जुवाला जोडलेले दोन बैल दिवसभरात नांगरतील तेवढी जमीन."

मी नवं कार्ड घेतलं आणि पेन आधी तळहातावर ओढून पाहिलं. निळी रेघ उमटली.

"सांगा परत," मी म्हटलं. "सावकाश."