दोन तास अकरा मिनिटे

रंगुबाई गेल्या त्याला बारा दिवस झाले होते, आणि त्यांच्या मरणाचा दोष एका चार्जरवर ठेवून सगळेजण मोकळे झाले होते. मोकळी झाली नव्हती ती एकटी त्यांची लेक सुकन्या. कारण तो चार्जर तिनेच चुकून आपल्या पिशवीत घालून सुप्याला नेला होता.

अकोले तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत रंगुबाई एकट्या राहत. सुकन्या सुप्याच्या कारखान्यात कामाला. आईच्या गळ्यात तिने नगरच्या एका लहानशा कंपनीचे, चार्ज करावे लागणारे बटण बांधले होते. पडल्या-धडपडल्यास ते दाबायचे. त्यातले सिमकार्ड कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करी आणि सर्व्हर नातेवाइकांना फोन लावी. त्या दुपारी रंगुबाई मागच्या दाराच्या पायरीवरून पडल्या. इशारा सर्व्हरला मिळाला तो चार बावन्नला. तोवर शेजारच्या गोरक्षनाथांना त्या निपचित सापडल्या होत्या, आणि जीप दवाखान्यापर्यंत पोहोचायच्या आतच सगळे आटोपले. कंपनीच्या अहवालात लिहिले होते, ‘चार्जर घरी नसल्याने बॅटरी क्षीण होऊन इशारा उशिरा सुटला असावा.’

तो ‘असावा’ कंपनीतल्या विल्सनला खटकला. सर्व्हरचा प्रोग्राम तो सांभाळत असे आणि अनुमानावर थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते. बाराव्या दिवशी त्याने नोंदी उघडल्या. प्रत्येक इशाऱ्याबरोबर उपकरण आपली वेळ आणि आपली बॅटरी कळवते. बॅटरी होती अठ्ठ्याहत्तर टक्के. बटण दाबल्याची वेळ होती दोन एकेचाळीस.

मग दोन तास अकरा मिनिटे रंगुबाईंचा इशारा होता कुठे?

तो दारात उभा होता. सर्व्हरकडे येणारी प्रत्येक जोडणी आधी दाराबाहेरच्या रांगेत उभी राहते. रांगेत कोणी आले की सर्व्हरचे यंत्र प्रोग्रामला वर्दी देते आणि प्रोग्रामने दाराशी जाऊन त्याला आत घ्यायचे असते. मूळ प्रोग्राम त्याचा सहकारी कल्याण याने लिहिलेला. तो वर्दी मिळताच रांग संपेपर्यंत एकेकाला आत घेत राही. विल्सन कंपनीत आला आणि त्याने त्यावर आक्षेप घेतला. एकदम शंभरजण आले तर सगळा वेळ दाराशीच जाईल, आत आलेल्यांचे ऐकायचे कोणी? तेव्हा एका वर्दीला एकच जण आत घ्यावा. रांगेत कोणी उरले असेल तर यंत्र पुन्हा वर्दी देईलच. हा वाद तीन दिवस चालला आणि विल्सनने तो जिंकला.

त्याचा तर्क निर्दोष होता. आधार तेवढा खोटा होता. यंत्राच्या वर्दीच्या रीती दोन. एक, रांगेत कोणी आहे तोवर सांगत राहायचे. दुसरी, नवे कोणी आले तेव्हा एकदाच सांगून गप्प बसायचे. त्यांच्या सर्व्हरवर दुसरी रीत चालू होती. ती ठरवणारी ओळ निराळ्या फाइलीत होती. स्वल्पविरामापायी लोकांची पत्रे परत पाठवणाऱ्या विल्सनने ती फाइल उघडलीच नव्हती.

सहा महिने काही बिघडले नाही, कारण एका वेळी येई तो एकच जण. त्या दुपारी मात्र मोबाईलचा टॉवर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि डोंगराकडची साठ-बासष्ट उपकरणे एकदम दाराशी आली. प्रोग्रामने थोड्यांना आत घेतले आणि तो स्वस्थ बसला. पुढे जो नवा येई, त्याच्या वर्दीवर रांगेतला एक आत जाई. त्या साठ-बासष्टांच्या मागे उभ्या राहिलेल्या रंगुबाईंच्या इशाऱ्याची पाळी अशी दोन तास अकरा मिनिटांनी आली. मध्यरात्री सर्व्हर नेहमीप्रमाणे बंद करून चालू केला गेला आणि रांगेचा मागमूसही उरला नाही.

विल्सनने कल्याणला बोलावून नोंदी दाखवल्या. कल्याणने त्या शेवटपर्यंत वाचल्या. त्याला टोमणा मारायचा पुरता हक्क होता; तो त्याने बजावला नाही.

“ती रीत मीच लावली होती रे,” तो म्हणाला. “वादाच्या तिसऱ्या दिवशी आठवलंही होतं. पण तुझ्याशी आणखी बोलायचा कंटाळा आला.”

दुरुस्ती चार ओळींची निघाली. ती त्याच संध्याकाळी झाली.

मालक काकासाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळे ऐकून घेतले, डोळे पुसले आणि अहवाल बदलायला नकार दिला. कंपनीत अकरा माणसांची पोटे होती. विल्सन म्हणाला, मी त्या बाईंना भेटून येतो. “तिनं आपल्याला काही विचारलंय का?” काकासाहेब म्हणाले. “मग न विचारलेलं उत्तर घेऊन कुठं निघालास?”

विल्सनकडे या प्रश्नाला उत्तर होते. एक निरपराध बाई स्वतःला आईची मारेकरीण समजते आहे. तो दोष तिच्यावरून काढून ज्याचा त्याने घेणे, एवढेच न्यायाचे आहे. अकोल्याच्या एसटीत त्याने ती वाक्ये मनात लावली, मोडली, पुन्हा लावली. पुढे जीपमध्येही तेच चालले होते.

तेरावा आदल्या दिवशीच झाला होता. सुकन्या ओसरीवर पाहुण्यांची भांडी निवडत बसली होती. तिने त्याला ओळखले. बटण बसवायला तोच आला होता. पाणी दिले. विल्सनने लावून आणलेली वाक्ये एकामागून एक सांगितली आणि शेवटी म्हणाला, “ताई, चार्जरचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती.”

तिच्या चेहऱ्यावर त्याने अपेक्षिलेले काहीच उमटले नाही. रागही नाही.

“आईनं दाबलं कवा?”

“दोन एकेचाळीसला.”

“मग दिवा लागला आसंल.”

इथे विल्सनची सगळी तयारी संपली. रांगेत जागा मिळताच सर्व्हरचे यंत्र आपणहून होकार कळवते. दार उघडले की नाही, हे त्या होकाराला ठाऊक नसते. त्या होकारावर उपकरणाचा हिरवा दिवा लागतो. याच ओसरीवर बसून त्याने रंगुबाईंना शिकवले होते: आजी, हिरवा दिवा लागला की निश्चिंत पडून राहायचं, माणूस निघालाच समजा, ओरडून दम घालवायचा नाही. ‘असेल’ म्हणून सुटता आले असते.

“लागला होता,” तो म्हणाला.

सुकन्याने हातातले ताट खाली ठेवले.

“साडेतीनला गोरकनाथकाका हितनंच गेलं, ह्या कुडाच्या बाजूनं. त्येस्नी हाक आली न्हाई. आमी म्हनलं, आई बटन दाबून लगीच बेसुद झाली आसंल, न्हाईतर वरडली आसती.” ती थांबली. “म्हंजे जागी हुती. काकाचं पाय वाजल्यालं ऐकलं आसंल तिनं. तुमी सांगितलं म्हनून गप ऱ्हायली.”

 वाद घालण्याजोगे त्यात काही नव्हते.

“मला चार्जरचं बरं हुतं, सर,” ती म्हणाली. “माजी चूक हुती, पन आई वाट बगत पडली न्हवती.”

आत कोणीतरी चहा ठेवला होता. तो उतू गेल्याचा वास आला, पण ती उठली नाही. तिने विचारले, आता नीट केले का? त्याने चार ओळींचे सांगितले. हिशोब जुळत नसल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आन् बाकीच्या म्हाताऱ्यास्नी सांगितलं का? दिवा लागला तरी हाक मारा म्हनून?”

सांगितले नव्हते. त्याने यंत्र दुरुस्त केले होते. यंत्रावर विश्वास ठेवायला ज्यांना शिकवले, ती माणसे त्याला आठवलीही नव्हती. बटण दिलेली अशी तीनशेच्या वर घरे होती.

“आमच्या वरच्या आळीला बटनवाल्या दोगी हायती,” सुकन्या चप्पल पायात सरकवत म्हणाली. “चला. घर मी दावते. सांगायचं तुमी.”

ती पुढे झाली. चढावर तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही, आणि विल्सन मागून चालत, पहिल्या दारात काय म्हणायचे याचे एक साधे वाक्य शोधत राहिला.