माश्यांच्या वाटणीचं रक्त

फ्रिजमधली रक्ताची बाटली रिकामी दिसली तेव्हा झोइलाला आधी वाटलं, चोरी. मग वाटलं, पिशाच्च. पण संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरातून खमंग वास आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण पिशाच्चं रक्त कांद्यावर परतून घेत नाहीत.

"मेचेबाई, बाटलीतलं रक्त कुठाय?"

"अगं, राजधानीतून, कीतोहून उपसचिवसाहेब आलेत ना!" स्वयंपाकीणबाई कढईवरची मान वर न करता म्हणाल्या. "डोंगरातला माणूस. डॉक्टर म्हणाले, यावारलोक्रो करा. आता त्या बटाट्याच्या सूपवर रक्त नको? बेटावर मेंढीचं कुठून आणू?"

"ते माझ्या अळ्यांचं होतं!"

"बाटलीवर 'रक्त' एवढंच लिहिलंयस. पाहुण्यांचं नाही, असं कुठं लिहिलंयस?"

अळ्या त्याच सकाळी अंड्यांतून निघाल्या होत्या. फिंच पक्ष्यांच्या पिल्लांच्या नाकपुड्यांत शिरून रक्त पिणाऱ्या माशीच्या. गालापागोसवरची घरटीच्या घरटी ओस पाडणारी ही अवदसा मारायची कशी, हे शोधायचं तर आधी तिला जगवावं लागतं. घरट्यात राक्षसीण, प्रयोगशाळेत मात्र जरा काही झालं की मान टाकते. चार वर्षं झोइला मोठ्या माश्यांना पपई भरवत होती. इथेच जन्मलेल्या माश्यांनी इथेच घातलेली ही पहिली अंडी. संध्याकाळच्या आत रक्त मिळालं नाही तर सगळं मुसळ केरात. बाजारातल्या कोंबड्यांना औषधं टोचलेली असतात, त्यांच्या रक्ताने अळ्या मरतात. शेतावरून स्वच्छ रक्त येणार ते मंगळवारी.

ती तडक जेवणघरात घुसली. संचालक डॉक्टर फाउस्तो उपसचिवांना आग्रह करकरून वाढत होते.

"ये, ये! साहेब, हीच आमची माश्यांची आई."

"कसं झालंय, साहेब?" झोइलाने विचारलं.

"फक्कड! आईच्या हातची आठवण झाली."

"कोंबडीचं रक्त आहे. गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं. माझी चार वर्षं खाताय तुम्ही. मीठ बरोबर आहे ना?"

चमचा क्षणभर थबकला आणि पुन्हा चालू झाला.

"वाटीभर रक्तासाठी केवढा तमाशा!" डॉक्टर हसले. "दुसरं आण की."

"आणते. सार्जंटचं."

सार्जंट हा डॉक्टरांचा झुंजीचा कोंबडा. रविवारी त्याची झुंज होती, आणि उपसचिव पाहणीच्या नावाखाली आले होते ते तीच बघायला.

"त्याला आयुष्यात सुई लागली नाही, नुसता मका आणि गाजर, असं गावभर सांगता ना? मग अख्ख्या बेटावर त्याच्याइतकं स्वच्छ रक्त नाही. पंखाखालून थोडंसंच काढते. उठा."

डॉक्टर उठले नाहीत. सूपकडे बघत राहिले, जणू त्यातून बाहेर पडायला वाट होती.

"नको गं. ते... गुरुवारी ताकदीचं टोचलंय त्याला."

"या गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

आता मात्र उपसचिवांनी चमचा खाली ठेवला. "फाउस्तो, अख्खं खातं त्याच्यावर पैसे लावून बसलंय!"

दारात मेचेबाई एप्रनला हात पुसत उभ्या होत्या. "माझी कोंबडी घे, पिंता. इथल्या उष्ट्या भातावर वाढलीय, औषध तिच्या बापानंही पाहिलं नाही. पण मारायची नाही हं."

"नाही मारणार."

"नाताळात मी मारणार आहे. तोवर धडधाकट हवी."

झोइलाने आभार मानले नाहीत. तेवढा राग उतरलाच नव्हता. तिने कोंबडी डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर आदळली, पंख उलगडून त्यांच्या हातात दिला आणि सुई काढली.

"हलू नका," ती म्हणाली. कोंबडी आधीपासूनच शहाण्यासारखी बसली होती.

तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली अळ्यांच्या पांढुरक्या अंगात लाल रेघ दिसू लागली. एकीत, मग बाजूच्या दोघींत, मग कुठेही बघा.

"जगल्या?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"आजच्यापुरत्या. मंगळवारपर्यंत रोज यायचं, पंख धरायला. जुना शर्ट घाला."

"रविवारीसुद्धा?"

झोइलाने सूक्ष्मदर्शकावरची मान वर केली नाही. "आता झुंज कसली? साहेबांना विमानतळावर सोडा आणि सरळ इकडे या."