गोटीचा सोडा आणि फुकटचा फ्रीज

मी सोड्याची मशीन बोलतेय. गोटीच्या बाटलीतला सोडा तुम्ही प्यायला असाल. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकलेली असते, अंगठ्याने दाबली की ‘टॉक्’ करून खाली पडते आणि फेस वर येतो. त्या बाटल्या भरणारी मी. गोव्यातल्या डिचोली भागात माझा सोडा प्यालेली माणसं पुष्कळ, पण मला पाहिलेली थोडी. जेवायला सगळे बसतात, चुलीजवळ कोण जातो?

माझा जन्म कोल्हापूरच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा सांगाडा, पितळेच्या तोट्या आणि मधोमध एक फिरणारा पिंजरा. पाणी भरलेल्या बाटल्या पिंजऱ्यात बसवायच्या, टाकीतला गॅस सोडायचा आणि दांडा धरून पिंजरा गरागरा फिरवायचा. गॅस पाण्यात मुरतो, बाटली उलटी होते, गोटी घरंगळत गळ्याशी येते आणि तिथल्या रबराच्या कड्याला घट्ट चिकटते. झाला सोडा. सांगायला सोपं आहे, पण दांडा फिरवणाऱ्याचा खांदा संध्याकाळी बोलतो.

मला विकत घेतलं कृष्णनाथने. पोत्यांत गुंडाळून, ट्रकमध्ये गुळाच्या ढेपांशेजारी बसवून त्याने मला घाट उतरवला आणि गावात देवळामागच्या आपल्या पडवीत आणून ठेवलं. पडवीला एक जनेल, म्हणजे खिडकी, होतं. त्यातून देवळाचं सगळं अंगण दिसायचं. तेच माझं जग.

कृष्णनाथ दांडा फिरवायचा आणि त्याची बायको शेवंती चव सांभाळायची. आलं ती स्वतः वाटायची. भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळ शेजारच्या चंद्रावतीकडून यायचं, लिंबं वाळपईच्या बाजारातून. त्या वेळी आसपासच्या लोखंडाच्या खाणी जोरात होत्या. लाल धुळीने माखलेले ट्रकवाले रस्त्यावरच्या गाड्यांवर थांबायचे, भजी-पाव खायचे आणि वर आमचा सोडा प्यायचे. माणसांची एक गंमत मी ऐकून आहे. सोडा पिताना सगळे डोळे मिटतात. मग मोठी ढेकर येते आणि कोणी ऐकली की काय म्हणून ते इकडेतिकडे बघतात. श्रीमंत असो की गरीब, इथे फरक नाही.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारांत उभे राहून गंजले. सोडा निम्म्यावर आला, तरी आम्ही तग धरून होतो. पुढे कृष्णनाथ आजारी पडून गेला. दिवसकार्य झाल्यावर शेवंतीने पदर खोचला आणि दांडा हातात घेतला. तिचा मुलगा गौरेश मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागला होता. तो म्हणायचा, आये, आता पुरे, तू बस निवांत. ती म्हणायची, बसून काय करू?

तिला खरं बसवलं ते एका फ्रीजने.

बसस्टॅंडजवळ पद्मावतीचा गाडा होता. पद्मावती म्हणजे शेवंतीची लहानपणापासूनची मैत्रीण आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एका शीतपेयाच्या कंपनीचा माणूस तिच्याकडे आला. बोलायला गोड, शर्ट इस्त्रीचा. त्याने तिला काचेच्या दाराचा, आत दिवा लागणारा मोठा फ्रीज दिला, आणि तोही फुकट. अट एकच, त्यात कंपनीच्या बाटल्यांशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही. पद्मावतीला वाटलं, भाग्य उजळलं. उन्हाळ्यात तिने आमच्या चार बाटल्या मागच्या बाजूला थंड व्हायला ठेवल्या. तपासणीला आलेल्या त्या माणसाने त्या बाहेर काढून, भर गिऱ्हाइकांसमोर बांकावर मांडल्या आणि पुन्हा असं झालं तर फ्रीज उचलून नेऊ असं सुनावलं.

त्या संध्याकाळी पद्मावती आमच्या जनेलाशी आली. आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, उद्यापासून सोडा नको. शेवंती बाटल्या विसळत होती. “बरां,” एवढंच बोलली आणि विसळत राहिली. त्यानंतर एकेका गाड्यावर तसलेच फ्रीज आले आणि एकेका गाड्यावरून आमचा सोडा गेला. शेवटी शेवंतीने माझ्यावर ताडपत्री घातली. चंद्रावतीची भिरंडं झाडाखाली पडून कुजायला लागली, कारण त्यांचं आगळ घेणारं कोणी उरलं नाही.

ताडपत्रीखाली दिवस सारखेच असतात. पालीने माझ्या पिंजऱ्यात अंडी घातली. एकदा हरमलचा एक हॉटेलवाला मला बघायला आला. त्याला मी सोड्यासाठी नको होते. दारात शोभेला ठेवून माझ्यावर फुलांच्या कुंड्या मांडायच्या होत्या. गौरेशनेच त्याला आणलं होतं. त्यालाही वाटलं असेल, भंगारात जाण्यापेक्षा हे बरं. शेवंती म्हणाली, जत्रा होऊन जाऊ दे, मग ने.

जत्रा जवळ आली तशी देवळाच्या अंगणात समितीची बैठक भरली. माझी ताडपत्री एका बाजूने फाटली होती, म्हणून मला सगळं दिसत होतं. सिद्धेश समितीचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरून कंटाळला होता. त्याने आनंदाने सांगितलं की यंदा मंडप, रोषणाई, मोठी कमान, सगळं ती फ्रीजवाली कंपनी करून देणार आहे. बदल्यात जत्रेच्या आवारात दुसऱ्या कुणाचं पेय विकायचं नाही. बस्स. लोकांनी माना डोलावल्या. कुणी टाळ्याही वाजवल्या. शेवंती खांबाला टेकून शेवटी बसली होती.

मग पद्मावती उठली. ती कधी बैठकीत बोलायची नाही, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

“फ्रीज फुकट नसता रे सिद्धेश,” ती म्हणाली. “माका पण तसांच वाटलेलां. गाडो माझो, जागा माझी, करंट माझो. पण त्या फ्रिजात माझ्या घरचां ताक ठेवूक गावना. शेवंतीच्यो चार बाटल्यो गावल्यो, तर माका चारचौघांत चोर केली. आणि मी गप रवलंय. हिच्या दारात येऊन सोडो नको म्हणान सांगितलंय.”

पद्मावतीने शेवंतीकडे बघितलं नाही, पण आवाज तिच्यासाठीच होता.

“आज कमान तांची, दिवे तांचे, सरबत तांचां. उद्या खाजेकाराक सांगतले, तुझां खाजां भायर काढ, आमच्यो पुडयो ठेव. परवा फुलकाराक. मगे आमच्या जत्रेत आमी कोण? फकत गिऱ्हायकां?”

खाज्याचं दुकान दरवर्षी देवळाच्या पायरीशी लावणारा म्हातारा खाजेकार तिथेच बसला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चंद्रावतीने मोठ्याने सांगून टाकलं की तिची भिरंडं दोन पावसाळे कुजतायत.

सिद्धेश रागावला नाही, पण अडला. म्हणाला, मंडप आपण माडाच्या झावळांचा घालू, कमान आंब्याच्या टहाळ्यांची करू, तेवढं जमेल. “पण मावशे, अख्ख्या जत्रेक सोडो कोण पुरवतलो?”

आता सगळ्या नजरा शेवंतीकडे. ती सावकाश उठली. माझ्या जनेलाकडे तिने एकदा बघितलं आणि ताडपत्रीखाली माझ्या लोखंडाला घाम फुटला म्हणा ना.

“मी दितंय,” ती म्हणाली. “मशीन आसा. हात तेवडे तुमी द्या.”

दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली. हरमलच्या हॉटेलवाल्याला तिने फोनवर नाही सांगून टाकलं. मला उजेड सोसवेना. गंज पाहून बायका हळहळल्या. औद्योगिक वसाहतीत फिटर असलेला शंकर आला. तो मूळचा गडहिंग्लजकडचा. माझ्या पाठीवर कोरलेलं ‘कोल्हापूर’ वाचून हसला आणि म्हणाला, “ही तर आमच्याकडचीच की. माहेरच्या माणसानं हात लावल्यावर चालंल बघा.” त्याने तोट्या उघडल्या, तेल सोडलं, जाम झालेला पिंजरा ठोकून ठोकून मोकळा केला.

बाटल्या कमी पडत होत्या. मग जे घडलं ते मी कधी विसरणार नाही. गावातल्या घराघरांतून आमच्या जुन्या बाटल्या बाहेर आल्या. कुणी त्यात खोबरेल ठेवलं होतं, कुणी मनीप्लांट लावला होता, कुणाच्या देवघरात तीर्थाची म्हणून होती. सगळ्या घासून, उकळत्या पाण्यात घालून, उन्हात ओळीने मांडल्या. देवळाचं अंगण काचेने चमकायला लागलं.

पहिला घाणा काढला. शेवंतीने दांडा फिरवला, बाटली बाहेर काढली आणि अंगठा दाबला. आवाज आला नाही. गोटी आधीच खाली पडली होती आणि आत नुसतं गोड पाणी होतं. बाटल्यांची रबरं जुनी होऊन तडकली होती. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. कुणीतरी हळूच म्हणालं, कंपनीवाल्यांना अजून ‘नको’ म्हणून कळवलेलं नाही ना? मला माझीच लाज वाटली.

गौरेश दारात उभा होता. आतापर्यंत तो या सगळ्यापासून लांबच होता. तो आत आला, एका बाटलीच्या गळ्यातलं तडकलेलं कडं नखाने खरवडून काढलं, बोटांत धरून नीट बघितलं आणि खिशात टाकलं. पहाटेच्या गाडीने तो बेळगावला गेला. रात्री परतला तेव्हा त्याच्या पिशवीत नव्या काळ्या रबरांचा ढीग होता. आईपुढे पिशवी ठेवून तो म्हणाला, “आये, दांडो उद्या माझ्याकडे दी.”

पडवीभर बायका बसल्या आणि एकेका बाटलीच्या गळ्यात रबर बसवू लागल्या. पद्मावतीही आली. या खेपेला जनेलाशी थांबली नाही, सरळ आत येऊन शेवंतीच्या शेजारी बसली. एकीने रबर द्यायचं, दुसरीने बसवायचं. थोड्या वेळाने शेवंतीने चहाचा कोप तिच्याकडे सरकवला. माझ्या मते तिथेच सगळं मिटलं.

मग गौरेशने दांडा फिरवला. पिंजरा गरगरला, गोट्या खळखळल्या. शेवंतीने बाटली घेतली, अंगठा दाबला.

टॉक्.

पडवी हसली. म्हातारा खाजेकार तर लहान मुलासारखा हसला.

सिद्धेशने नकार कळवला, तरी जत्रेच्या दिवशी कंपनी गप्प बसली नाही. आवाराबाहेर हमरस्त्यावर तिची गाडी येऊन उभी राहिली. गाणी लावलेली, थंडगार बाटल्या येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट. गर्दी तिकडे वळली. आमच्या टेबलावर बाटल्या बर्फात मांडून शेवंती आणि पद्मावती उभ्या होत्या. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. जनेलातून बघताना माझा जीव वरखाली होत होता.

पहिला आला तो खाजेकार. आपलं दुकान मुलीवर सोपवून तो मुद्दाम उठून आला. त्याच्यामागून फुलकारीण आली, काकणवाला आला, खेळण्यांचा फेरीवाला आला. दुकानं लावलेला प्रत्येक माणूस आपलं दुकान सोडून येत होता, आमचा सोडा घेत होता आणि तिथेच उभा राहून पीत होता. टॉक्, टॉक्, टॉक् असा आवाज अंगणात घुमू लागला. त्या आवाजाला लोक वळले. एक आजोबा फुकटची बाटली हातात धरूनच आले. शेवंती म्हणाली, तुमच्याकडे आहे की. त्यांनी ती बाटली नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, “ही तहानेक बरी. माका ढेकर जाय.”

ढेकर हवी म्हणे! एवढं हसू झालं की रांग लागली. पालखी बाहेर पडली तेव्हा रांग आंब्याच्या कमानीपर्यंत गेली होती. पालखीचे भोई खांदा बदलून आले आणि उभ्याउभ्या आल्याचा सोडा पिऊन गेले. बर्फातल्या बाटल्या संपल्या. पद्मावती रिकाम्या बाटल्या पडवीत आणायची, बायका धुवायच्या, शेवंती आगळ ओतायची आणि विमानतळाच्या गणवेशाच्या बाह्या वर सरकवून गौरेश दांडा फिरवायचा. सिद्धेशही आला, त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला. ढोल बाहेर वाजत होते आणि मी आत वाजत होते. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढी फिरले नव्हते. हमरस्त्यावरची गाडी कधी निघून गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या बुधवारी, भर बाजाराच्या दिवशी, पद्मावतीने कंपनीला फोन करून फ्रीज उचलायला लावला. टेम्पोत चढवताना तिने त्याची काच पुसून दिली म्हणे, जसा आला तसा परत गेला पाहिजे म्हणून. त्या महिन्यात आणखी काही गाड्यांवरून फ्रीज गेले. आता गाडेवाल्यांनी मिळून बर्फाच्या मोठ्या पेट्या घेतल्या आहेत. त्यात ताक आहे, लिंबू सरबत आहे, आमचा सोडा आहे, आणि ज्याला हवं त्याच्यासाठी कंपनीच्या बाटल्याही आहेत. आमचं भांडण त्यांच्या बाटलीशी नव्हतं. दार कुणी उघडायचं, एवढाच प्रश्न होता.

आज मी रोज फिरते. माझ्या अंगाला हिरवा रंग लावलाय, पिंजऱ्याला नवी जाळी बसवली आहे. चंद्रावतीच्या झाडाखाली एकही भिरंड पडून राहत नाही. गौरेशची बायको गौरवी आल्याचं प्रमाण शिकते आहे आणि शेवंती तिला चव घ्यायला लावून लावून बेजार करते. सोडा डिचोलीत जातो, वाळपईच्या बाजारात जातो, पेडण्यातल्या जत्रांतून बोलावणं येतं. शेवंतीचे खांदे दुखतात, पण ती ते अभिमानाने सांगते.

मी लोखंडाची आहे, मला मतं असायचं कारण नाही. तरीही जाताजाता एक मागते. तुमच्या गावच्या कुठल्याही गाड्यावर, दुकानात, जत्रेत उभे राहिलात, की काही घेण्याआधी एकदा विचारा, “हांगाचां काय आसा?” इथलं काय आहे? एवढंच विचारा. मग बघा, समोरच्या माणसाचा चेहरा कसा उजळतो, आणि तो वाकून, टेबलाखालून, सगळ्यांत मागे ठेवलेली कुठली वस्तू किती हौसेने पुढे काढतो.